बावड्याचे बनसोडे वकील

माझ्या वडिलांना इंदापूरच्या कोर्टात सगळे बनसोडे वकील म्हणत. घरात आम्ही अण्णा म्हणायचो. आणि बावड्यात त्यांची थोरली बहीण, माझी सारजाआत्या, पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाला भर रस्त्यात 'ज्ञान्या' अशी हाक मारायची. अंगात काळा कोट असला तरी. त्या हाकेनं अण्णा ओशाळले, असं कधी झालं नाही. उलट पक्षकाराचं बोलणं अर्ध्यावर थांबवून ते आधी तिच्याकडे वळायचे.

आमचं घराणं बावड्याचं. अण्णांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा झुंबर, गावाचे वतनदार. नाव मोठं, पण काम सगळं पायाचं आणि पाठीचं. सरकारी टपाल घेऊन चालत इंदापूरला जायचं, कुणाला कचेरीत बोलावलं असेल तर त्याला आणायचं, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचं, मेलेलं जनावर ओढायचं. त्याबद्दल ओढ्याकाठची थोडी जमीन आणि सुगीला दारोदार मागून आणायचं धान्य. एकदा भाऊबंदाच्या भांडणात त्यांची साक्ष लागली, तेव्हा त्यांना कचेरीच्या पायरीखाली उभं केलं होतं. ते मोठ्यानं बोलायचे, पट्टेवाला आत जाऊन ते साहेबाला सांगायचा. पट्टेवाल्यानं अर्धी साक्ष गाळली आणि भाऊबंद अडकला, असं आमच्या घरात सांगत. खरं किती ते आता कोण सांगणार. अण्णा वकील का झाले, असं कुणी विचारलं तर ते मात्र ही गोष्ट सांगायचे नाहीत. 'शाळामास्तरची जागा मिळाली नाही म्हणून,' एवढंच म्हणायचे.

झुंबरांचा मुलगा गेणू, माझे आजोबा. अण्णा आणि आत्या त्यांना बापू म्हणायचे. छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी इंदापुरात जाऊन दीक्षा घेतली आणि परत आल्यावर गावात सांगितलं की इथून पुढं मेलेलं जनावर ओढणार नाही. गावानं वर्षभर आमच्या वस्तीशी व्यवहार बंद केला. दुकानदार मीठ देईना. गावात पिठाची एकच गिरणी होती, तिच्या मालकानं आमचं दळण घेणं थांबवलं. माझी आजी केसरबाई डोक्यावर जोंधळा घेऊन नदीपलीकडे दळायला जायची. कालव्याच्या कामावर माती उचलायला तीच गेली आणि मदतीला सारजाआत्याला घेऊन गेली. आत्या चौथी पास झाली होती, पाचवीचं पुस्तक घेतलेलं होतं. ते पुस्तक पुढे अण्णांनी वापरलं.

अण्णा बारामतीच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले, पुण्यात कॉलेज केलं, कायदा शिकले. तोवर वतनं खालसा होऊन ओढ्याकाठची जमीन आजोबांच्या नावावर परत मिळाली होती. सारजाआत्याचं लग्न अकलूजला झालं होतं. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा आत्या भांडण न करता बावड्याला निघून आली आणि दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन शेतात गेली. बहात्तरच्या दुष्काळात आजोबा वारले. वारस लावायची वेळ आली तेव्हा तलाठी म्हणाला, एकाच नावावर असलेलं बरं, पुढे कटकट नको. अण्णांना नुकतीच सनद मिळालेली. आजीचं आणि आत्याचं हक्कसोडपत्र त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. आजीनं अंगठा दिला, आत्यानं सही केली. कुणी काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं त्यात कुणाला काही वाटलंच नाही. सगळ्यांच्या घरात असंच होत होतं. अण्णा इंदापुरात राहायला आले, आत्या जमीन करत राहिली. वर्षाला ज्वारीची पोती एसटीच्या टपावर घालून पाठवत राहिली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे विजयमाला.

पंच्याण्णव सालच्या संक्रांतीनंतर ती अण्णांकडे आली. मी तेव्हा बारामतीला शाळेत शिकवत होते, लग्न होऊन तिथंच राहत होते, आणि त्या दिवशी सुट्टीची म्हणून इंदापूरला आले होते. पस्तिशीची, उंच, उन्हानं रापलेली बाई. पायात पुरुषी चपला. बावड्याच्या रामहरींची ती मुलगी. ऐन लग्नाच्या तोंडावर तिचा होणारा नवरा ट्रॅक्टरखाली सापडून गेला होता. त्यानंतर तिच्यासाठी स्थळं आली नाहीत, आणि आली ती तिनं परतवली. धाकटा भाऊ रणजित शिकायला कोल्हापूरला, वडलांना दम्याचा त्रास, त्यामुळे ऊस आणि गोठा तिच्याच अंगावर पडला. पाण्याची पाळी, तोडीची टोळी, कारखान्यावरचे हेलपाटे, सगळं तीच बघायची. दिवाळीत रामहरी वारले. रणजितनं तेराव्यानंतर तिला सांगितलं की मागच्या बाजूची खोली तुझी, खाण्यापिण्याला कमी पडणार नाही, आता शेताकडे मी बघतो.

त्याच्या आदल्या जूनमध्ये महाराष्ट्रात नवा कायदा लागू झाला होता. वडिलोपार्जित जमिनीत लग्न न झालेल्या मुलीला मुलासारखाच जन्मानं हिस्सा. विजयमालेनं ते रेडिओवर ऐकलं होतं. इंदापुरातल्या दोन वकिलांकडे ती जाऊन आली होती. दोघांची रणजितशी उठबस होती, दोघांनीही चहा पाजून परत पाठवलं होतं.

अण्णांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि आधी तिला भीती घातली. ती त्यांची पद्धतच होती. दावा वर्षानुवर्षं चालेल, आई तिकडून साक्षीला येईल, गाव नावं ठेवेल, माहेर तुटेल, असं एकेक सांगितलं.  शेवटी ती म्हणाली,

"माहेर तुटायला मी गेले कुठं, साहेब? माझं माहेर आन सासर एकच हाय. तितंच ऱ्हाते मी."

मग अण्णांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. सत्तावन्न साली आमचं दळण बंद करणारी ती गिरणी तिच्या आजोबांची होती. म्हणाले, मी वकीलपत्र घेतलं तर लोक म्हणतील, बनसोड्यानं जुना दावा साधला, घरात भांडण लावलं. तिला हे ठाऊक नसावं. तिनं विचारलं, त्यासाठी तुम्ही माझं काम नीट करणार नाही, असं आहे का? अण्णांनी मान हलवली. तसं काही नाही. मग झालं तर, असं म्हणून तिनं पिशवीतून जमिनीचे उतारे काढले.

दावा लावायच्या आधी समोरच्याशी एकदा बोलून बघायचं, हा अण्णांचा नेम. एका रविवारी ते बावड्याला निघाले, आत्याला भेटायला म्हणून मीही बरोबर गेले. मी आत्याकडे थांबले आणि ते वरच्या आळीला रणजितच्या घरी गेले. तिथं काय झालं ते मला नंतर विजयमालेनं सांगितलं.

ओसरीवर भावकीतली चार मोठी माणसं होती. आबासाहेब म्हणून रणजितचे चुलते होते, त्यांनी अण्णांना मानानं खुर्ची दिली. अण्णांनी कायदा सांगितला, कोर्टात गेल्यावर दोघांचंही किती नुकसान होईल ते सांगितलं, घरातल्या घरात वाटणी करा म्हणाले. रणजित तापट नव्हता. गोड बोलणारा, चार माणसं धरून असलेला. त्यानं आधी तो गिरणीचा विषय काढला. तुम्ही जुनं उट्टं काढताय, असं लोक बोलतात म्हणाला. अण्णांचं उत्तर तयार होतं. उट्टं काढायचं असतं तर तुम्हाला सावध करायला इथवर आलो नसतो, थेट समन्सच आलं असतं. आबासाहेबांनाही ते पटलं. मग रणजितनं सहज विचारावं तसं विचारलं,

"वकीलसाहेब, ओढ्याकडच्या रानात सारजाआक्का राबतीय. मी ल्हानपनापासनं बघतोय. सातबाऱ्याव तिचं नाव हाय का?"

  रणजितला पुढं काही बोलायची गरज नव्हती. विजयमाला दाराआड उभी होती. तिला वाटलं, आता आपलं काम संपलं. अण्णा उठले, आबासाहेबांना नमस्कार केला, रणजितला एवढंच म्हणाले की नाही, तिचं नाव नाही, आणि पायऱ्या उतरून चालू लागले.

आत्याकडे आले तेव्हा आम्ही दोघी अंगणात शेंगा फोडत होतो. अण्णांनी कोट काढून खांबाला अडकवला आणि खाली आमच्या शेजारी बसले. शेंगा फोडू लागले. आत्यानं दोनदा चहाचं विचारलं, त्यांनी ऐकलं नाही. मग एकदम म्हणाले, आक्का, बापू गेल्यावर मी तुझी सही घेतली, ती तू मनानं दिली होतीस का?

आत्यानं हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले. आज हे कुठनं निघालं, असं विचारलं. अण्णांनी ओसरीवरचं सगळं सांगितलं.  अण्णा म्हणाले, तू कधी मागितलं नाहीस, मला वाटलं तुला नको आहे. यावर आत्यानं सूप बाजूला सारलं.

"मागितलं न्हाय म्हंजी नगं हुतं, आसं कोन म्हनलं तुला?"

ती रागावली नव्हती. आवाज नेहमीचाच होता. म्हणाली, तू शिकलेला. तू सही कर म्हनलास, मी केली. मला वाटलं कायद्यात तसंच आसंल. तू वकील हायस ना. तुला मी कशी इचारनार?

अण्णांनी डोळ्यांवर हात ठेवला. माझ्या आठवणीत मी त्यांना रडताना त्या आधी पाहिलं नव्हतं. आत्या उठली, आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. जवळ बसून मात्र राहिली नाही. शेळीला पाला टाकायला निघून गेली. परतताना एसटीत अण्णांनी मला विचारलं, तिनं इतक्या वर्षांत मला एकदा तरी बोलायला नको होतं का? मी म्हणाले, तुम्ही एकदा तरी विचारायला नको होतं का?  माझं बोलणं त्यांना लागलं होतं, पण मी ते मागे घेतलं नाही.

पुढची अडचण घरातच होती. माझा धाकटा भाऊ बुद्धघोष बारामतीत बँकेत होता. त्याची बायको पायल, मुलगा सुमित, आणि दोन खोल्यांत भाड्यानं राहणं. त्यानं बारामतीत प्लॉट घेऊन ठेवला होता आणि बावड्याची जमीन विकून तिथं घर बांधायचं, हे त्यानं अण्णांशी आधीच बोलून ठेवलं होतं. अण्णांनीही हो-ना करत मान डोलावली होती. आता अण्णांनी त्याला बोलावून सांगितलं की जमीन आक्काच्या नावावर करतोय. सगळी. तिचा हिस्सा नव्हे, सगळी.

बुद्धघोष वाईट मुलगा नव्हे, हे मी आधीच सांगते. आत्यावर त्याचा जीव होता. त्यानं समजावून सांगितलं, की आत्या आता म्हातारी होणार, तिला तिकडे एकटीला ठेवायचंच कशाला? घर झालं की मागच्या बाजूला तिच्यासाठी स्वतंत्र खोली काढू, खाण्यापिण्याचं, औषधपाण्याचं आम्ही बघू. अण्णा म्हणाले,

"रणजित पण त्याच्या बहिणीला हेच म्हणतोय."

बुद्धघोषला ते फार लागलं. मला त्या माणसाच्या पंगतीत बसवलंत, म्हणाला. उठून गेला तो दीड-दोन वर्षं इंदापूरच्या घरी नीट आला नाही. सणाला पायल सुमितला घेऊन यायची, तो बाहेर स्कूटरवरच थांबायचा. आई अण्णांवर चिडली, मग बुद्धघोषवर चिडली, शेवटी दोघांशी बोलेनाशी झाली. खरं तर बुद्धघोषचं म्हणणंही समजण्यासारखं होतं. बापानं दिलेला शब्द बापानं फिरवला होता.

जमीन वतनाची, त्यामुळे सरकारच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नव्हती. आयुष्यभर लोकांची हीच कामं करणारा माणूस स्वतःच्या बहिणीच्या कामासाठी तहसील, प्रांत, पुण्याची कलेक्टर कचेरी अशा खेपा घालू लागला. एक कारकून म्हणाला, वकीलसाहेब, लोक नाव लावायला येतात, तुम्ही स्वतःचं काढायला आलात. अण्णांनी ते घरी येऊन हसत सांगितलं. परवानगी यायला दुसरा पावसाळा उजाडला. नाव चढलं त्या दिवशी ते उतारा घेऊन बावड्याला गेले. आत्यानं तो दोन्ही हातांत धरून आपलं नाव स्वतः वाचलं, सारजा गेणू बनसोडे, आणि 'बापूचं नाव लावलंस, बरं केलंस' एवढंच म्हणाली.

विजयमालेचा दावा बारामतीच्या कोर्टात चालू होता. रणजितच्या बाजूनं पुण्याचे मोठे वकील येत. त्यांचं म्हणणं होतं की रामहरींनी आधीच तोंडी वाटणी करून सगळं मुलाला दिलं होतं, नवा कायदा येण्यापूर्वीच. हे शाबीत करायला त्यांनी साक्षीला आणलं ते कुशाबाईंना. विजयमालेची आई.

त्या दिवशी माझी शाळा सकाळची होती, म्हणून दुपारी मी कोर्टात गेले. सत्तरीची, नऊवारी नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली बाई पिंजऱ्यात उभी राहिली. तिला शिकवून आणलं होतं ते तिनं सांगितलं. मालकांनी वाटणी केली होती. कधी, तर मालक जायच्या आदल्या साली. कुणापुढं, ते तिला आठवेना. बोलताना ती एकदाही मुलीकडे बघत नव्हती. उलटतपासणी घ्यायला अण्णा उठले. मी त्यांना आधीही काम करताना पाहिलं होतं. असा साक्षीदार त्यांच्या हाती लागला की पाच मिनिटांत सगळं उसवून ठेवायचे. विजयमाला मागच्या बाकावर होती, ती पुढं आली आणि अण्णांच्या कानाशी काहीतरी बोलली. अण्णांनीही हळू आवाजात काहीतरी सांगितलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

नंतर मला कळलं, ती म्हणाली होती, माझ्या आईला उलटं इचारू नका. अण्णा म्हणाले होते, नाही विचारलं तर तिचं बोलणं खरं धरलं जाईल, तू हरशील. ती म्हणाली, धरू द्या. माणसांसमोर मी माझ्या आईला खोटी पाडनार न्हाय.

अण्णा न्यायाधीशांकडे वळले. म्हणाले, "या साक्षीदाराला मला काही विचारायचं नाही."

पुण्याच्या वकिलांनी चमकून बघितलं. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, अण्णांनी पुन्हा तेच सांगितलं. कुशाबाईंना काय चाललंय ते कळेना. कारकुनानं त्यांना उतरा म्हटलं. त्या उतरल्या, रणजितनं हात धरायला हात पुढं केला, आणि त्या त्याच्या शेजारून पुढं जाऊन विजयमालेच्या बाकावर बसल्या.  पदराच्या टोकाला बांधलेली बडीशेप सोडून मुलीच्या हातावर ठेवली, जशी एरवीही देत असतील तशी.

संध्याकाळी अण्णा माझ्या घरी चहाला आले. मी म्हणाले, कायद्यानं तुम्ही आज चूक केलीत. ते म्हणाले, कायद्यानं केलीच. पण तिचा दावा तिचा आहे, कसा लढायचा ते तिनं ठरवायचं. मी एकदा बहिणीच्या वतीनं ठरवून बघितलंय.

कुशाबाई त्या रात्रीपासून मागच्या खोलीत, विजयमालेकडे राहायला गेल्या आणि मुलाच्या चुलीवर जेवेनाशा झाल्या. गावात ते झाकून राहणार नव्हतं. आबासाहेबांनी रणजितला बसवून समजावलं. पुढच्या तारखेला पुण्याचे वकील आले नाहीत, रणजित एकटाच आला, आणि कोर्टाच्या आवारात अण्णांना म्हणाला, तडजोड करू. कायद्यानं बसत होतं तेवढं सगळं नव्हे, पण विहिरीकडचा तुकडा, गोठा आणि पाण्याची पाळी विजयमालेच्या नावावर आली. अण्णांनी तिला आणखी ताणून धरायला सुचवलं होतं. ती म्हणाली, मला एवढ्यात भागतं. भावाबहिणीचं बोलणं सुरू व्हायला मात्र बरीच वर्षं गेली. रणजितच्या मुलीच्या, रेश्माच्या, लग्नात विजयमालेनं आहेर केला तेव्हा ते सुरू झालं.

बुद्धघोषनं कर्ज काढून घर बांधलं, ठरवलं होतं त्याहून लहान. गृहप्रवेशाच्या दिवशी त्यानं अण्णांना न्यायला स्कूटर पाठवली नाही, स्वतः आला. दोघांनी झाल्या गोष्टीचं नाव काढलं नाही. आत्याला त्यानं आग्रहानं चार दिवस ठेवून घेतलं. पाचव्या दिवशी तिला तिथं करमेना.

याचं कारण होतं. आत्यानं ज्वारी मोडून सगळ्या रानात डाळिंब लावलं होतं. साठीकडे झुकलेल्या बाईनं डाळिंब लावावं, हे अण्णांना मुळीच पसंत नव्हतं. औषधं, फवारण्या, बाजाराचा भरवसा नाही. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात तिला चार गोष्टी सांगायच्या ठरवून ते बावड्याला गेले, मला आणि सुमितला बरोबर घेऊन. आत्या झाडांना पाण्यासाठी आळी करत होती. अण्णांनी बांधावर उभं राहून सुरुवात केली, की आक्का, मला वाटतं... आत्यानं कंबर सरळ करून त्यांच्याकडे पाहिलं.

"ज्ञान्या, मी सल्ला इचारला का तुला?"

सुमित फिदीफिदी हसायला लागला. अण्णा थोडे गडबडले, मग तेही हसले आणि नाही म्हणाले. झाडं फार जवळ जवळ लावली होती, हे शेतीतलं काही न कळणाऱ्या मलाही दिसत होतं. अण्णांना तर दिसतच असणार. ते बांधावर रुमाल टाकून बसले आणि आत्यानं दिलेलं ताक पीत तिचं काम बघत राहिले. त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.